सांध्याचे अक्षर : रायगडचा शक, पोलादपूरचा कवी आणि रोजचे शब्दकोडे

१. संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकात दैनिकातील शब्दकोड्याचा विषय काढावा, हे कित्येक वाचकांस पोरकटपणाचे वाटेल. प्रस्तुत लेखकासही काही दिवसांपूर्वीपर्यंत तसेच वाटत असे. परंतु ज्या चुकीने एका सकाळी चौकटीचा एक कोपरा बिघडला, त्याच चुकीने शिलालेखांची व दप्तरांची वाचने बिघडतात, असे ध्यानात आल्यावरून हा लेख लिहिण्याचे धाडस केले आहे. अवघड वाचनात दुसऱ्याची मदत कशी मागावी आणि मागणारास ती कशी द्यावी, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. त्यासाठी लागणारी साधने दूरची नाहीत. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतच ती सापडतात.

२. प्रथम ती सकाळ सांगतो. महाडास आमच्या शेजारी अकरावीत शिकणारा एक मुलगा आहे. रोजच्या दैनिकातील कोडे तो स्वतः सोडवितो, आणि जेथे अडेल तेथे वर्तमानपत्र घेऊन आमच्या ओटीवर येतो. त्या दिवशी आडव्या शब्दाचे सूत्र होते 'तळे', अक्षरे चार. महाडात तळे म्हणताच २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाने देशभर ठाऊक झालेले चवदार तळे डोळ्यांपुढे येते, परंतु ते नाव चार घरांत बसणारे नव्हे. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटले, "सरोवर." मुलाने ते शाईने लिहिले. पहिल्या घरातून खाली उतरणाऱ्या शब्दाचे सूत्र होते 'माणसांचा घोळका', अक्षरे तीन. 'स' हे पहिले अक्षर हाती होतेच, तेव्हा 'समूह' बसला. दोन्ही शब्द एकमेकांस साक्ष देत होते. माझी खात्री झाली.

तिसऱ्या घरातून उतरणारा शब्द मात्र अडला. सूत्र 'शंभर', अक्षरे दोन, आणि आमच्या हिशेबी पहिले अक्षर 'व'. 'व'पासून आरंभ होणारा शंभराचा वाचक शब्द कोठून आणावा? चाळीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या माणसास अशा वेळी माघार घेण्याचे सुचत नाही. मी मुलास समजावून सांगितले की, 'शंभर' हा छापण्यातील प्रमाद असून मूळ पाठ 'अंबर' असावा. अंबर म्हणजे वस्त्र. 'वस्त्र' हा शब्द दोन अक्षरांचा, आणि 'व'पासूनच आरंभ होणारा! पाठशुद्धी इतकी सुबक जुळली की मला स्वतःचेच कौतुक वाटले.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, छापलंय ते तसंच ठेवून आपलेच दोन शब्द पुसून पाहू का?" त्याने 'सरोवर' खोडून 'जलाशय' लिहिले, 'समूह' खोडून 'जमाव' लिहिले, आणि तिसऱ्या घरातून 'शत' सरळ खाली उतरले. छापलेले एक अक्षरही बदलावे लागले नाही.

३. या लहानशा प्रसंगात तीन गोष्टी आहेत. एक, 'सरोवर' व 'समूह' हे परस्परांशी जुळत होते, पण दोन्ही चूक होते. दोन, पहिला शब्द मी दिला आणि दुसरा त्याच्याच आधाराने काढला, म्हणून दुसऱ्याची साक्ष ही स्वतंत्र साक्ष नव्हती. तीन, खरा स्वतंत्र साक्षीदार पुढे येताच मी माझे वाचन न सोडता त्या साक्षीदारासच खोटे ठरविले. हस्तलिखितांचा व्यासंग करणाऱ्या वाचकांस ही तिसरी गोष्ट अपरिचित नसावी. पोथीतील शब्द आपल्या मतास अडचणीचा झाला की 'लेखनिकाचा प्रमाद', आणि शिळेवरील अडचणीचा झाला की 'पाथरवटाचा प्रमाद' म्हणण्याची सवय आपणां सर्वांस थोडीबहुत आहेच. लेखनिक चुकतो हे खरे. परंतु तो नेमका आपल्या सोयीच्या ठिकाणीच चुकलेला दिसू लागला, म्हणजे चूक कोणाची हे पुन्हा तपासावे.

ज्या घरात उभा व आडवा शब्द एकमेकांस छेदतात, त्या घरातील अक्षरास या लेखात 'सांध्याचे अक्षर' म्हटले आहे. देवनागरीत हा सांधा विशेष बळकट असतो. इंग्रजी कोड्याच्या घरात एक सुटे वर्ण बसते, आपल्या घरात काना-मात्रा-वेलांटीसह पुरे अक्षर बसते. 'श' व 'शि' ही दोन निराळी घरे होत. सबब एक सांधा जुळला तर व्यंजन व स्वर या दोहोंची परीक्षा एकदम होते.

४. कूटरचना आपल्याकडे नवी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिका ही एक कला गणली आहे. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे प्रकार सांगितले आहेत. ज्या कूटाचे उत्तर त्याच श्लोकात दडलेले असते ती अंतर्लापिका, आणि ज्याचे उत्तर बाहेरून आणावे लागते ती बहिर्लापिका, हा भेद संस्कृत शिकणारास ठाऊक असतो. भारवीच्या किरातार्जुनीयात पंधराव्या सर्गात व माघाच्या शिशुपालवधात एकोणिसाव्या सर्गात 'सर्वतोभद्र' नावाचा बंध आहे. त्याची अक्षरे आठ-आठ घरांच्या चौकटीत मांडली असता ती आडवी वाचा वा उभी वाचा, पाठ तोच येतो. चौकटीत अक्षरे भरून दोन्ही दिशांनी पडताळण्याची कल्पना यात स्पष्ट दिसते. तथापि आजचे शब्दकोडे तेथून निघाले असे म्हणण्यास आधार नाही. ते २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन याने प्रसिद्ध केले, आणि लंडनच्या 'टाइम्स'ने ते १ फेब्रुवारी १९३० पासून सुरू केले.

आपल्या देशात या करमणुकीस एक निराळे वळण लागले. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले, आणि एकाच सूत्रास दोन शब्द सारखेच लागू पडतील अशी योजना होऊ लागली. कोणता शब्द 'बरोबर' हे आयोजकाच्या उत्तरावर अवलंबून राही. १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने अशा स्पर्धांवर बंधने घातली, महिन्याच्या एकूण बक्षिसांची मर्यादा १००० रुपये ठरविली, आणि १९५७ साली चमारबागवाला यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने अशी द्यूतस्वरूपाची स्पर्धा म्हणजे व्यापार नव्हे असा निर्णय दिला. ती स्पर्धा बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून चाले. आपल्या दृष्टीने यातील बोध असा की, जेथे सांध्याचे अक्षर निवाडा करीत नाही तेथे उत्तर म्हणजे केवळ नशिबाचा कौल. दोन सारख्याच शक्य वाचनांतून आवडीचे एक उचलणारा संशोधकही त्याहून फार निराळे काही करीत नाही.

५. आता रायगडाकडे वळू. महाड तालुक्यातील या गडावर जगदीश्वराच्या देवालयाच्या दाराजवळ भिंतीत संस्कृत शिलालेख आहे. छत्रपतींच्या आज्ञेने हिरोजीने गडावर उभारलेल्या वास्तूंचा त्यात उल्लेख असून विहिरी, बागा, राजप्रासाद यांच्याबरोबर तडागही सांगितला आहे. ('तळे' या सूत्रास हा आणखी एक शब्द होता, पण तो तीनच अक्षरांचा!) लेखातील काल अंकांनी न देता शब्दांनी दिला आहे. सहा, नऊ, बाण आणि भूमी हे ते चार शब्द होत. मदनाचे बाण पाच, म्हणून बाण म्हणजे ५. भूमी एकच, म्हणून १. अंकांची गती डावीकडे, म्हणजे पहिला शब्द एकम स्थानी, या नियमाने वाचता १५९६ हा शक निघतो. उलट वाचल्यास ६९५१ होईल, तो संभवत नाही.

भूतसंख्येत फसण्यास जागा पुष्कळ असते. 'समुद्र' म्हणजे कोठे ४, कोठे ७. 'रस' म्हणजे सामान्यतः ६, पण काव्यशास्त्राच्या अंगाने ९. रायगडच्या लेखकाने असे दुहेरी शब्द टाळले आहेत, आणि शिवाय संवत्सराचे नाव 'आनंद' असे दिले आहे. हे नाव म्हणजे त्या शकास छेदणारा उभा शब्द होय. दक्षिणेकडील गणनेप्रमाणे शकात १२ मिळवून ६० ने भागावे, बाकी राहील तो प्रभवापासून मोजलेला संवत्सर. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. सांधा जुळला. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४, हा राज्याभिषेकाचा दिवस याच आनंद संवत्सरातला आहे.

६. महाडाहून महामार्गाने दक्षिणेस निघाले की पोलादपूर लागते. तेथे कवींद्र परमानंदाची समाधी आहे. महाबळेश्वराच्या घाटाकडे धावणाऱ्या गाड्यांतील किती प्रवाशांस ती ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. नेवाशाच्या या पंडिताने महाराजांच्या आज्ञेवरून 'शिवभारत' रचिले. त्याची प्रत तंजावरास मिळाली, आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी ती १९२७ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. ग्रंथ पुरा नाही. एकतीस अध्याय पूर्ण असून बत्तिसावा मध्येच थांबतो.

या ग्रंथात शिवजन्माचा शक असाच शब्दांनी दिला आहे. भू, बाण, प्राण आणि चंद्र. भू १, बाण ५, प्राण ५, चंद्र १. डावीकडून वाचा अथवा उजवीकडून, १५५१ च येतात. वामगतीचा नियम न जाणणाऱ्या वाचकाचाही येथे घोटाळा होऊ शकत नाही. संवत्सर दिला आहे शुक्ल. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी ३, आणि तिसरा संवत्सर शुक्लच. आता रायगडची शिळा व पोलादपूरच्या कवीची पोथी शेजारी ठेवून पाहावे. शकांमधील अंतर १५९६ वजा १५५१, म्हणजे ४५ वर्षे. संवत्सरांमधील अंतर ४८ वजा ३, म्हणजे तेही ४५. एक लेख दगडावर, दुसरा शेकडो कोसांवर तंजावरात जपलेल्या प्रतीत. दोहोंचा कालगणनेचा सूर एकच लागतो.

येथे कोणी म्हणेल, झाले, जन्मशक सिद्ध झाला. पण थांबले पाहिजे. शिवजन्माचा दुसरा शक बखरींच्या आधाराने दीर्घकाळ प्रचलित होता. तो म्हणजे वैशाख शके १५४९, इ. स. १६२७. त्याचा संवत्सर काढून पाहा. १५४९ अधिक १२ म्हणजे १५६१, बाकी १, म्हणजे प्रभव. जो कोणी १५४९ बरोबर प्रभव लिहील त्याचाही सांधा बिनचूक जुळेल! शक व संवत्सर यांचे जुळणे एवढेच सांगते की लिहिणारास गणित येत होते. त्याने दिलेली घटना त्याच वर्षी घडली हे त्यावरून ठरत नाही. 'सरोवर'ही 'समूहा'शी जुळतच होता. रायगड-शिवभारताच्या मेळानेही कालगणना एक असल्याचे कळते, जन्माचे वर्ष कळत नाही.

निवाडा झाला तो तिसऱ्या घरातून उतरलेल्या शब्दांमुळे. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाकडून प्रसिद्ध झाली. तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी आहे. पुढे अकरा वर्षांनी छापलेल्या शिवभारतात तीच तिथी निघाली. जोधपूरच्या जुन्या कुंडलीसंग्रहातील महाराजांची कुंडलीही त्याच दिवसाची ठरली. मावळातील देशमुखाचे दप्तर, दरबारी पंडिताचे संस्कृत काव्य आणि राजस्थानातील जोशाचा संग्रह, या तिघांनी एकमेकांचे पाहून लिहिले असे मानण्यास कारण नाही. फाल्गुन महिना जानेवारीनंतर येतो, म्हणून शकात ७८ ऐवजी ७९ मिळवावे, म्हणजे १६३० येते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे महाराष्ट्र शासनानेही स्वीकारली.

७. आता मदतीच्या प्रश्नाकडे येतो. मदत मागणे कमीपणाचे नव्हे. महाडजवळ गांधारपाले येथील लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत, आणि त्यांपैकी एकात कुमार काणभोअ विष्णुपालित याच्या दानाचा निर्देश आहे. ती लिपी आज आपणांस वाचता येते, ती १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने लावलेल्या शोधामुळे. सांचीच्या स्तूपावरील अनेक लहान लेख शेवटी त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्याने पाहिले. भाविकांच्या देणग्यांचे लेख असतील तर शेवटचा शब्द 'दानं' असावा असा तर्क केला, आणि 'द' व 'न' ही अक्षरे इतरत्र घालून तर्काची परीक्षा घेतली. सांचीच्या लेखांच्या नकला त्यास कॅप्टन एडवर्ड स्मिथने करून पाठविल्या होत्या. नकलाकारास त्या लिपीचे एक अक्षरही वाचता येत नव्हते, हीच त्या नकलांची मोठी योग्यता! ज्यास वाचता येत नाही तो आपल्या मताचे अक्षर दगडावर पाहत नाही.

याच न्यायाने रायगडाचे एक लहानसे काम वाचकांपुढे ठेवतो. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीचे नाव मराठीत कोरलेले आहे. त्यातील आडनाव कोणी 'इंदुलकर' वाचतात, कोणी 'इटळकर'. लोकांच्या तोंडी पहिले रूप आहे, आणि पायरीपाशी उभा राहणारा प्रत्येकजण ते ऐकूनच आलेला असतो. झिजलेल्या रेघांत मग त्यास तेच दिसते. सबब पायरीचा ठसा घेऊन, तो कोठला व कोणाचा हे न सांगता, निरनिराळ्या गावच्या पाच-सहा जाणत्यांकडे पाठवावा. प्रत्येकाने आपले वाचन लिहून पाठवावे, आणि सर्व आल्यावरच ते एकत्र पाहावे. एकाचे ऐकून दुसऱ्याने होकार देणे म्हणजे दोन साक्षी नव्हेत.

मोडी कागदांस तर हा नियम अधिकच लागू आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि आधी ओढलेल्या रेघेखाली शब्द न तोडता अक्षरे धावतात. 'दिन' की 'दीन' हे अक्षर सांगत नाही, मागचापुढचा मजकूर सांगतो. देवनागरी कोड्यातील सांध्याची अर्धी शक्ती येथे आधीच गेलेली असते. तेव्हा उरलेली अर्धी आपल्या भिडेखातर घालवू नये.

८. या सर्वांवरून मदतीचे चार नियम निघतात असे वाटते. मदत मागताना आपले उत्तर आधी सांगू नये, केवळ अक्षरे दाखवावीत. मदत देताना पुरे उत्तर न सांगता ते कशावरून सुचले हे सांगावे, म्हणजे मागणाराने स्वतः पडताळून पाहावे. छापताना मुळात आहे ते, आपण कंसात घातलेले, आणि दुसऱ्याने सुचविलेले, ही तिन्ही वेगळी राखून सुचविणाराचे नाव द्यावे. आणि साधनातील अक्षर बदलण्यापूर्वी आपली मागची दोन वाचने पुसून पाहावीत.

ज्या संग्राहकांपाशी बाडे आहेत त्यांस शेवटी एक विनंती आहे. वाचन पुरे होईपर्यंत कागद कोणास दाखवावयाचा नाही, अशी वृत्ती कित्येक ठिकाणी दिसते. श्रेय जाईल ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु जेध्यांची शकावली कारीच्या वाड्यातच राहिली असती, तर शिवभारतातील तिथी केवळ एका कवीचे सांगणे ठरली असती. एका घरच्या दप्तरास दुसऱ्या घरचे दप्तर छेदते तेव्हाच दोन्हींची किंमत ठरते. ज्या बाडास कोणीच छेदले नाही, त्यात खरे काय हे त्याच्या धन्यासही कळत नाही.

असो. शेजारचा मुलगा अजूनही अधूनमधून वर्तमानपत्र घेऊन येतो. हल्ली मी त्यास शब्द सांगत नाही, "खाली उतरणारं सूत्र काय आहे?" एवढेच विचारतो. आणि लिहिण्यासाठी त्याच्या हाती शाईऐवजी पेन्सिल देतो.